दोन गागारिन

झ्वेलिट्शाच्या वस्तीत लग्नाला पाद्री लागतो, मयताला गाडीवाला लागतो आणि आपण एकेकाळी सैनिक होतो हे सरकारच्या गळी उतरवायला नोझिबेले लागते. पाद्री आणि गाडीवाला पैसे घेतात. नोझिबेले चहासुद्धा स्वतःचाच पाजते.

बाई दिसायला साधी, रुंद बांध्याची, गुडघे दुखणारी. शाळेच्या फाटकाशी मग्विन्या, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे विकायची. महासाथीत शाळेला कुलूप लागलं आणि तिची कढईही थंड पडली. हिने एकोणिसाव्या वर्षी, गोऱ्यांच्या राजवटीशी लढायला, घरी न सांगता सरहद्दीचं कुंपण ओलांडलं, लेसोथोमार्गे अंगोलाच्या रानातली छावणी गाठली आणि दहा वर्षं तिथला दवाखान्याचा तंबू सांभाळला, हे तिच्याकडून गोळे घेणाऱ्या पोरांना सांगूनही खरं वाटलं नसतं. पण तापाने फणफणलेली माणसं काय काय बरळतात ते जिने ऐकलंय, ती माणसं विसरत नाही. नोझिबेलेला आवाज आठवत, चाली आठवत, कुणाच्या कुठल्या पायाला जखम होती ते आठवे. आणि सगळ्यांत कामाचं म्हणजे तिला नावं आठवत.

कारण छावणीत खरं नाव सांगायचं नाही असा दंडक होता. पोहोचलेल्या दिवशी नवं नाव मिळे आणि आईने ठेवलेलं नाव गिळून टाकायचं. उद्या कुणी पकडला गेला, मार खाऊन बोलला, तरी दुसऱ्याचं घर पोलिसांना सापडू नये म्हणून ही रीत. देश मोकळा झाला, माणसं आपापल्या जुन्या नावांवर परतली, आणि मग सरकारने विचारलं, तू तिथे होतास याला पुरावा काय? पुरावा एवढाच, की छावणीतलं नाव सांगायचं, आणि ते याचंच होतं असं सांगणारा एक साथी उभा करायचा. साथी म्हणून सगळे नोझिबेलेच्या दारात.

खोटेही येत. एक टापटीप गृहस्थ आला नि म्हणाला, मी छावणीत स्वयंपाकाला होतो.

"मग काय शिजवायचास रे?" तिने विचारलं.

"मटण. अधूनमधून कोंबडी."

"बाबा, तू चुकून राष्ट्राध्यक्षांच्या घरी राहिला असशील. आम्ही भात खायचो, आणि भातातल्या अळ्या वेचायला उजेड नसायचा."

तो चहा न घेताच उठला. तिने आयुष्यात एकही खोटी साक्ष दिली नाही. याचा तिला गर्व होता, आणि तो असावा असंच आमचं मत आहे.

झोलिले म्बाने मागच्या गल्लीत राहायचा. तो तिचा छावणीतला साथी. एका पावसाळ्यात हिलाच मलेरिया झाला तेव्हा त्याने तिला पाठीवर टाकून चिखलातून ट्रकपर्यंत नेलं होतं. वाटेत ती त्याच्या मानेवर ओकली होती, यावरून तो तिला मरेपर्यंत चिडवायचा. सरकारदरबारी मात्र त्याने कधी नाव घातलं नाही. ती मागे लागायची. तो म्हणायचा, "मी लढलो ते लढलो. एकदा कागद हातात आला की मामटोलो, माणसाला आयुष्यभर रांगेत उभं करतात." मामटोलो हे तिच्या कुळाचं नाव. मानाने हाक मारायची तर इकडे कुळाच्या नावाने मारतात.

इकडे जुलैत हिवाळा. त्या थंडीत झोलिलेला खोकला झाला. दवाखान्याच्या गाडीत तो स्वतःच्या पायांनी चढला. त्याच्या बायकोला, पुमलाला, फाटकाच्या आत घेतलं नाही. मग निरोप आला.

पुमला रडली नाही. नोझिबेलेच्या स्वयंपाकघरात दाराशीच, मास्क लावून उभी राहिली.

"मामटोलो, पेटीवर झेंडा हवाय मला. पैसे नकोत, बाकी काही नको."

"झेंडा?"

"शनिवारी मातीला मोठे दीर यायचेत. त्यांच्या लेखी हा तेरा वर्षं जोहान्सबर्गला कुठल्याशा बाईकडे पडून होता. दर सणाला माझ्यासमोर बोलतात, आणि हा हसायचा नुसता. एकदा त्यांना झेंडा बघू दे. बघून गप्प होऊ दे."

नोझिबेलेने त्याच दिवशी ईस्ट लंडनला माजी सैनिकांच्या खात्यातल्या मकालिमाला फोन लावला. हा मकालिमा तिच्या पोराच्या वयाचा, आणि माणूस भला. शनिवारच्या आत नोंद झाली तर झेंडा मिळेल, म्हणाला. छावणीतलं नाव?

"गागारिन."

पलीकडे बराच वेळ टकटक चालली.

"मामा," तो म्हणाला. इकडे वडीलधाऱ्या बाईला असंच, आई या अर्थाने म्हणतात. "गागारिन आहेत. वुयिसिले नावाचे. चार वर्षांपूर्वी वारले, झेंड्यातच पुरलं त्यांना. साक्ष तुमचीच आहे."

"हो. तो थोरला गागारिन. हा धाकटा."

छावणीतलं नाव म्हणजे खुंटीवरचा कोट होता. एकाने उतरवला की दुसऱ्याने घालायचा. वुयिसिलेला शिकायला परदेशी धाडलं, नाव मोकळं झालं, ते नुकत्याच आलेल्या झोलिलेला मिळालं. आकाशात गेलेल्या माणसाचं नाव, आणि हे दोघेही आंब्याच्या झाडापेक्षा वर कधी चढले नाहीत, असं छावणीत म्हणत. थोरला-धाकटा सगळ्यांना ठाऊक होते. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मकालिमाने आवाज खाली आणला. "मामा, बुधवारी संसदेच्या समितीसमोर तुम्हाला पाच मिनिटं बोलायचंय, आठवतंय ना? साथीत जुन्या सैनिकांचे हाल काय, त्यावर बोला. उपासमारीचं सांगा, औषधांचं सांगा. दोन गागारिनचं काढू नका. याद्यांत दुबार नावं आहेत म्हणून समिती आधीच आमच्या मागे लागलीय. तुमच्या तोंडून हे निघालं की तुमची साक्ष असलेली प्रत्येक फाईल उघडतील. झोलिलेंचं मी बघतो ना, हळूहळू."

"शनिवारी पुरणार आहेत त्याला."

"म्हणूनच म्हणतो, हळूहळू."

बुधवारपर्यंत नोझिबेलेला अन्न गोड लागलं नाही. तिच्या साक्षीवर किती घरांत औषध येत होतं, किती पोरं शिकत होती! ते सगळं धोक्यात घालायचं का, एका कापडाच्या तुकड्यासाठी? तिने स्वतःला विचारलं. मग वाटलं, धोका कसला? दोघंही खरे आहेत. खरं सांगितल्याने कुणाचं वाईट होतं? इथे तिचं चुकलं असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही, पण चुकलंच.

बुधवारी नगरपालिकेच्या कचेरीत तिला संगणकासमोर बसवलं. पडद्यावर खासदारांचे चौकोन. कुणाच्या मागे पुस्तकं, कुणाच्या मागे पडदे, एकाच्या मागे कुत्रं. अंदाजपत्रकाची चर्चा चालू होती. साथीसाठी सैन्य रस्त्यावर उतरवलंय, त्याचा खर्च वाढलाय, तो भागवायला इतर खात्यांना कात्री लागणार, आणि म्हाताऱ्या सैनिकांचं खातं त्यांतच. वड्याचं तेल वांग्यावर. नोझिबेलेच्या गल्लीत दोन महिन्यांपूर्वी याच सैन्यातल्या पोरांनी साथीतली बंदी मोडून सिगारेटी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला जोर काढायला लावले होते. त्यासाठी जादा पैसे हवेत, हे ऐकून तिला हसावं की रडावं कळेना.

माननीय स्टेनकांप विरोधी बाकांवरचे. चष्मा, करडी मिशी, समोर कागदांचा ढीग. ते म्हणाले, "कात्री लावायची तर ती भुकेल्याच्या ताटाला लागू नये. आधी यादीतली भुतं काढा. न लढलेली माणसं, एका नावावरची दोन माणसं. खऱ्या सैनिकाचा घास ही भुतं खातात." नोझिबेलेने मान डोलावली. त्या खुर्चीवर ती असती तर तिनेही हेच म्हटलं असतं.

मग अध्यक्षबाईंनी तिचं नाव पुकारलं. ती बोलू लागली आणि सगळे चौकोन एकदम हात हलवू लागले. तिचा आवाज बंद होता. कचेरीतल्या मुलीने वाकून तो चालू केला. ती आपल्या भाषेत बोलत होती, दुभाषी मागोमाग इंग्रजीत सांगत होता. भूक सांगून झाली. औषधं सांगून झाली. तिला थांबता आलं असतं.

"आणखी एक," ती म्हणाली. "माझा साथी परवा गेला. शनिवारी त्याला पुरायचंय. तुमच्या यादीत त्याचं नाव दुसऱ्यापाशी आहे. तो दुसराही खरा, हाही खरा. दोघांना मी ओळखत होते. याला झेंडा द्या."

दुभाष्याचं सांगून झालं. मग स्टेनकांपनी चष्मा वर सरकवला.

"एका नावावर दोन माणसं, असं म्हणताय तुम्ही?"

"हो. दोन माणसं."

"आणि दोघांची साक्ष तुमचीच?"

"माझीच."

"अशी आणखी काही नावं आहेत, मादाम?"

ती खोटं बोलू शकली असती. बोलली नाही. "नावं थोडी होती," ती म्हणाली, "आणि माणसं पुष्कळ."

स्टेनकांप हळू आवाजात अध्यक्षबाईंना म्हणाले, "ऐकलंत?" त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. वर्षभर जे ते म्हणत होते आणि ज्यावर खातं कानावर हात ठेवत होतं, ते एका म्हाताऱ्या बाईने सहज सांगून टाकलं होतं. समितीने तिथल्या तिथे ठरवलं, एकाच साथीच्या साक्षीवर झालेल्या सगळ्या नोंदी तपासणी होईपर्यंत स्थगित. खात्याने लेखी अहवाल द्यावा. नोझिबेलेचे आभार मानले गेले. झेंड्याचं काय, असं तिने विचारलं, तोवर तिचा आवाज पुन्हा बंद केलेला होता.

सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे सुकं नव्हतंच, सगळं ओलंच जळालं.

शुक्रवारी दुपारी थेंबेका आली. थोरल्या गागारिनची, वुयिसिलेची विधवा. मास्क खाली ओढून ती फाटकाबाहेरच थांबली.

"फोन आला मला. पोरीची नर्सिंगची फी थांबवलीय. शेवटचं वर्ष आहे तिचं."

"थेंबेका, मी वुयिसिलेला खोटं म्हटलं नाही. मी म्हटलं, दोघं खरे."

"तू दोन म्हणालीस, त्यांनी एकच धरला. आता कोणता, ते ते ठरवणार." तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर नोझिबेलेला सोपं गेलं असतं. "उद्या कबरीपाशी तू नाव पुकारणार."

ही त्यांची रीत. साथीच्या मातीला सगळ्यांत जुना साथी छावणीतलं नाव तीनदा पुकारतो आणि जमलेले सगळे ओरडतात, 'इथेच आहे'.

"पुकारणार," नोझिबेले म्हणाली. "झेंडा नाही, तर निदान तेवढं तरी. पुमलाला मी शब्द दिलाय."

"कुणीतरी मोबाइलवर ते काढणार, आणि ते फिरत फिरत खात्यात पोचणार. तूच साक्षीदार, आणि तूच दुसऱ्याच मढ्यापुढे गागारिन म्हणून ओरडतेस. मग माझा वुयिसिले कोण? भूत." तिने फाटकाची कडी दोन्ही हातांनी धरली. "मामटोलो, ते नाव माझ्याकडे राहू दे. पुमलाला मूलबाळ नाही. नावाने तिचं काय भागणार? माझी पोर मात्र बुडते. संसदेत खरं बोललीस, उद्या गप्प राहा."

थेंबेकाने मास्क वर केला आणि ती टेकडी उतरून गेली.

शनिवारी थंड वारा सुटला होता. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी प्लास्टिकने गुंडाळलेली पेटी घाईघाईने खाली उतरवली. त्यांना पुढे दोन मयतं होती. जमलेले थोडेच, लांब लांब उभे. थोरला भाऊ जाड कोट घालून, हात खिशात. थेंबेका सगळ्यांच्या मागे. एक भाचा मोबाइल उंच धरून उभा होता.

पाद्री म्हणाला, "साथींपैकी कुणी?"

पुमलाने तिच्याकडे पाहिलं. नोझिबेले कबरीच्या कडेला गेली. मास्क काढला. ती चिखलवाट, ती पाठ, आपण त्या मानेवर ओकलो होतो, सगळं तिला आठवलं. तिने तोंड उघडलं आणि चाळीस वर्षांत ज्या नावाने तिने त्याला एकदाही हाक मारली नव्हती, ते तिच्या तोंडून निघालं.

"झोलिले म्बाने."

त्याला कुणी उत्तर दिलं नाही. ते उत्तर द्यायचं नावच नव्हतं.

"बरोबर," थोरला भाऊ म्हणाला. "आमचा झोलिले. कुठे कुठे भटकला, पण शेवटी घरी आला." त्याने मूठभर माती टाकली.

पुमला तिच्याजवळ आली. मास्कच्या वर फक्त डोळे.

"तुझ्याही तोंडून नाही, मामटोलो?" ती म्हणाली.

मागे थेंबेका उभी होती. नोझिबेलेने मान खाली घातली, वाकून माती उचलली आणि दुसऱ्यांना जागा करून दिली.