काट्याच्या जागी दिवे
सोल्डरिंगचा वास आला की मला मित्राची दिंडोशीची गॅलरी आठवते. आम्ही दोघं साउंड रेकॉर्डिस्ट. फार चढलेला आवाज दाबून सारखा करणारे जुन्या धाटणीचे कॉम्प्रेसर तो घरीच बनवायचा आणि त्यांच्या काट्याच्या मीटरवर मुद्दाम काळी टेप चिकटवायचा. "आवाज कानांनी दाबायचा रे, डोळ्यांनी नाही," असं सगळ्यांना सुनवायचा. त्या दुपारी मात्र तो स्वतःच्याच कॉम्प्रेसरचा काटा काढून तिथे रंगीत दिव्यांचा नवा डिजिटल मीटर बसवत होता. "काय रे, म्हातारपणी दिवाळी?" मी हसलो. तो काम करतच राहिला. आतून वहिनींनी चहासाठी हाक मारली, पुन्हा मारली, शेवटी बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे त्याने मान वर केली. मीटर बसल्यावर त्याने माझ्यासमोर माइक धरला आणि म्हणाला, "तू गा, मी बघतो." मी बेसूर गायलो. दिवे लालपर्यंत चढले, आणि ते बघून तो खूश झाला. आज तो कॉम्प्रेसर माझ्या टेबलावर आहे. माझे कान अजून शाबूत आहेत, तरी त्या दिव्यांवर टेप लावायला माझा हात धजत नाही.