रोडालगतचा बगीचा

प्राजक्ता निंभोरकर पुण्यात सिंहगड रस्त्यावर फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवायची, तेव्हा तिच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या तिला तोंडावर ‘छळवादी मुलगी’ म्हणायच्या. गुडघा बदललेल्या बायकांना ती जराही दयामाया न दाखवता चालायला लावायची. त्या रडल्या तरी लावायची. त्याच बायका पुढे स्वतःच्या पायांनी जिना चढून वाटीभर आंबेडाळ घेऊन तिला भेटायला यायच्या. मैत्रिणीबरोबर भागीदारीत काढलेलं ते लहानसं क्लिनिक म्हणजे तिचा जीव की प्राण होता. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख करून झालं होतं आणि आता त्याबद्दल कुणी विचारलं तरी तिला फार काही वाटत नसे.

नवरा श्याम परतवाड्याच्या पलीकडच्या पांढरी गावचा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी. सकाळचा चहा तो करायचा, कपड्यांच्या घड्या घालायचा, आणि प्राजक्ताची आई अख्ख्या नात्यात सांगत फिरायची, ‘वऱ्हाडातला असून किती साधा आहे हो आमचा जावई!’

श्यामच्या वडिलांना, वामनरावांना, लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा बसली. श्यामच्या गावाकडे फेऱ्या सुरू झाल्या. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली होती, त्यामुळे तो एकेका वेळी पंधरवडाभर तिकडे राही. अशाच एका फेरीहून आला तो वेगळाच होऊन.

“प्राजू, इथे काय ठेवलंय गं?” तो म्हणाला. “तिकडे हवा बघ. संत्र्याचा बगीचा आहे, तोही रस्त्याला लागून. सेमाडोहला वाघ बघायला जाणाऱ्या सगळ्या गाड्या आपल्या दारावरून जातात. चार खोल्या बांधू, पाहुणे ठेवू. तू परतवाड्यात क्लिनिक काढ. अख्ख्या तालुक्यात तुझ्या तोडीचं कुणी नाही.”

“आणि बाबा?”

“त्यांचंही होईल त्यात. तू जवळ असलीस म्हणजे मलाही धीर.”

ती बरेच दिवस विचार करत राहिली. अखेर फ्लॅट विकला. क्लिनिकमधला आपला वाटा मैत्रिणीला देऊन टाकला. निरोपाच्या दिवशी म्हाताऱ्या रडल्या, तेव्हा तीच त्यांची समजूत काढत होती. हे सगळं आपण डोळे उघडे ठेवून केलं, हे तिने पुढे कधीही नाकारलं नाही. फक्त डोळ्यांसमोर जेवढं धरलं होतं तेवढंच तिला दिसलं होतं.

गावात पाऊल ठेवल्यावर पहिला फरक पडला तो बोलण्यात. ती ‘मला’ म्हणाली की शेजारच्या पोरी पदराआड हसायच्या. तिने मुद्दाम ‘मले’ म्हणून पाहिलं तर जास्तच हसल्या. सासूबाई, गोदाबाई, मनाने वाईट नव्हत्या, पण शब्द धोंड्यासारखा टाकायच्या.

“काय व, नवऱ्याले नावानं हाका मारतं? अन् वरून अरे-तुरे? लोकं आयकते ना!”

ती ‘अहो’ म्हणू लागली. श्यामने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो मिस्कील हसला. आठवडाभरात त्याला त्याची सवय झाली. पुण्यात चहा करणारा माणूस इथे ओसरीवर बसून “चहा आन व” म्हणू लागला. ताटावरून उठला की ताट तिथेच. भावकीतले लोक येत, त्याला दादा म्हणत, आणि तो पाय पसरून कापसाच्या भावावर बोलत बसे. एकदा तिने त्याला एकटं गाठून विचारलं, तर म्हणाला, “इथे असंच असतं गं. मी ताट उचललं तर आईलाच वाईट वाटेल.” आईला वाईट वाटू नये म्हणून मग ती ताट उचलत राहिली.

वामनरावांचं सगळं ओघाने तिच्याकडे आलं. एके काळी त्यांनी बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शेतातला बैल थांबायचा म्हणत. आता तोंडातून लाळ गळायची आणि सुनेने ती पुसली की ते भिंतीकडे मान फिरवायचे. सुनेने पायाला हात लावावा याचीच त्यांना लाज वाटे. ती पाय धरायला गेली की धड असलेला डावा पाय आखडून घेत. पण प्राजक्ता पुण्यातल्या म्हाताऱ्यांना पुरून उरली होती. तिने त्यांना बसवलं, खाटेच्या काठावरून पाय खाली सोडायला लावले, खांबाला धरून उभं केलं. संत्र्याची दोन क्रेटं समोर ठेवून लुळ्या हाताने एकातलं फळ दुसऱ्यात टाकायला लावलं. फळ हातातून सुटून ओसरीभर गडगडलं की म्हातारा डोळे वटारायचा. ती शांतपणे उचलून पुन्हा त्यांच्या तळहातावर ठेवायची.

चार खोल्या बांधून झाल्या. पाहुणे मात्र म्हणावे तसे आले नाहीत. गाड्या थांबत, माणसं चहा पीत, संडास वापरत, संत्र्यांच्या झाडाशी फोटो काढत आणि पुढे सेमाडोहला मुक्कामाला जात. प्राजक्ताला त्याची फिकीर नव्हती. वामनराव आता खांब सोडून उभे राहू लागले होते आणि तिला तिचं स्वतःचं काम सुरू करायचं होतं. परतवाड्यात बसस्टँडच्या मागे तिने एक खोली बघून ठेवली. रोज दुपारी जाऊन संध्याकाळी परत यायचं. तेवढ्या वेळापुरती घरात कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी होती. श्यामचा धाकटा भाऊ गोपाल दिवसभर शेतात असे. त्याची बायको चंदा अंगणात तूर पाखडत बसली होती, तिला प्राजक्ताने विचारलं.

“चंदा, दुपारचं बाबांकडे बघशील का गं? फार काही नाही, उठवून बसवायचं आणि मी सांगेन तेवढा व्यायाम करून घ्यायचा.”

“मी?” चंदाचं सूप थांबलं. “मी काहून पाहू?”

ती रागावली नव्हती. तिला खरोखर नवल वाटलं होतं.

“त्याच्यासाठीच त वाटनीत रोडालगतचा बगीचा तुमच्याकडं आला ना ताई! आमी अमरावतीची एक बाई ठेवाले तयार होतो. दादाच म्हने, बाई कशाले, माह्या घरात डाक्टरीन आहे. म्हाताऱ्याचं सारं आमी पाह्यतो, रोडालगतचं मले द्या. अन् तिले ना लेकरू ना बाकरू, म्हने, तिचाबी टाइम जाईन.” बोलता बोलता तिने वर पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. “तुमाले सांगतलं नोतं का?”

प्राजक्ता उठली आणि बगीच्यात गेली. श्याम कुणा व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती झाडाला टेकून थांबली. मग तिने विचारलं. त्याने काही नाकारलं नाही. तो थोडा गोंधळला, पण तेवढंच.

“अगं, त्यात काय एवढं? तू बाबांचं करणारच होतीस ना?”

“हो. केलंच असतं.”

“मग?”

“मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. मग फरक काय पडला?”

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की हा माणूस खोटं बोलत नाहीये. फरक त्याला खरोखरच दिसत नाहीये. बारा-पंधरा वर्षं एका छताखाली काढून हे आपल्याला आज कळतंय, याची तिला त्याच्याहून जास्त स्वतःची चीड आली.

“आणि टाइम जाईल म्हणालास ते?”

“ते आपलं बोलण्याच्या ओघात. इथली माणसं तशीच बोलतात.”

ती घरी परतली. वामनराव क्रेटाशी बसून तिची वाट बघत होते. ती त्यांच्यासमोर बसली आणि संत्रं त्यांच्या हातात ठेवलं. काम अर्ध्यावर टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. अर्धवट सुटलेला रोगी पुन्हा आखडतो हे तिला ठाऊक होतं, आणि ज्याने सौदा केला तो हा म्हातारा नव्हता. परतवाड्याच्या खोलीवाल्याला तिने नाही म्हणून कळवलं.

थंडीपर्यंत वामनराव काठी घेऊन चालू लागले. गोदाबाईंनी बहिरमबुवाला नवस बोलला होता, तो फेडायला यात्रेत सगळं घर निघालं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले, हंडीत वांग्याची भाजी रटरटली. भावकी, सोयरे, गावची माणसं पंगतीला बसली. वामनराव काठी टेकत चढण चढून दर्शन घेऊन आले, तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

“पोरगा असावा त असा!” पंगतीतले नत्थुजी, वामनरावांचे जुने सोबती, श्यामच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. “पुन्याची नोकरी, फलॅट, सारं सोडून बापासाठी गावात आला. नाईतर आजकालचे पोट्टे!”

श्यामने मान खाली घातली. नाही कशालाच म्हणाला नाही.

मग नत्थुजी वामनरावांकडे वळले. “बोला बापा, कोनं उभं केलं तुमाले?”

प्राजक्ता हातात वरणाची बादली घेऊन वाढत होती, ती जागच्या जागी थांबली. वामनरावांचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताठल्या. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, निदान तिला तसं वाटलं, आणि मोठ्या कष्टाने शब्द बाहेर आला.

“श्याम.”

पंगतीत टाळ्या पडल्या. श्याम रडत रडत वडिलांच्या पाया पडला. लकवा झालेल्या माणसाला एक नाव घ्यायचं असतं आणि जिभेवर दुसरंच येतं, हे प्राजक्ताला शिकवलेलं होतं. असे किती तरी रोगी तिने पाहिले होते. म्हाताऱ्याची जीभ चुकली की त्याच्या मनातच तेवढं एक नाव होतं, हे कळायचा मार्ग नव्हता. पुढच्या ताटावरच्या माणसाने “वरन वाढा व बाई” म्हटलं, तशी तिने पळी बुडवली.

उन्हाळ्याआधी श्यामच्या कंपनीने सगळ्यांना कचेरीत परत बोलावलं. तो पुण्याला जायला निघाला. “मी भाड्याने खोली घेतो, महिन्यातून चक्कर मारीन. तू इथलं बघ. बाबांना तुझ्याशिवाय कोण आहे?” ज्याला हवा पाहिजे होती, माती पाहिजे होती, तो बॅग भरून परत शहरात चालला होता आणि जिला शहर सुटता सुटत नव्हतं तिने गावात राहून भांड्यांना कल्हई लावून घ्यायची होती. प्राजक्ताने त्याला बससाठी दशम्या बांधून दिल्या. भांडली नाही. मग पुण्यातल्या मैत्रिणीला फोन केला. मैत्रीण फार गोड बोलली. तिने नवी भागीदार घेतली होती, क्लिनिक वाढवलं होतं, आणि “तू पुण्यात आलीस की नक्की भेटू” म्हणाली. आईच्या घरात आता भाऊ-भावजय होते. पुण्यात तिची म्हणावी अशी जागा कुठे उरली नव्हती.

तिने अमरावतीत एका खाजगी दवाखान्यात नोकरी मिळवली आणि रुक्मिणीनगरात एक खोली घेतली. निघताना गोदाबाई दारात उभ्या होत्या.

“म्हाताऱ्याले टाकून चालली?”

“चंदाला सगळे व्यायाम शिकवलेत, आई. रोज करून घ्या. चुकवू नका.”

“तिले कुठं टाइम आहे व.”

“मला होता,” प्राजक्ता म्हणाली आणि बॅग उचलली.

श्यामने फोनवर खूप बोलून घेतलं. आजारी माणसाला असं सोडणारी बाई दगडाच्या काळजाची, वगैरे. तिने ऐकून घेतलं. नंतर त्याचे फोन कमी होत गेले. रोडालगतचा बगीचा गोपालने आपल्याकडे घेतला, कारण बोलणं झालं होतं तसं घडलं नव्हतं. चार खोल्यांत आता खताची पोती ठेवतात, असं कुणीसं सांगितलं. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण इथे गरज काही सरली नव्हती. वैद्यच उठून गेला होता, आणि त्याला माफी नव्हती.

वर्षभराने, बाजाराच्या गर्दीसारख्या गजबजलेल्या एका सकाळी, दवाखान्यात नाव पुकारलं गेलं आणि गोपाल चाकाच्या खुर्चीवरून वामनरावांना आत घेऊन आला. मागून गोदाबाई. म्हातारा पुन्हा बसल्या जागी वाळला होता. उजवी मूठ इतकी घट्ट मिटली होती की आत नखं रुतली होती. प्राजक्ताने कोमट पाणी मागवलं, मूठ भिजवली आणि एकेक बोट सोडवायला घेतलं. तळहातावर जखमा होत्या, वास येत होता. कुणी रोज दहा मिनिटं दिली असती तर हे झालं नसतं. त्या कुणीमध्ये आपण आहोत की नाही, याचा हिशेब तिला लावता येईना.

“घरी येतं का व?” गोदाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “थे तुह्याच हातचं आयकत होते.”

प्राजक्ता जखमा पुसत राहिली. जखमा पुसून झाल्या तशी वामनरावांच्या बोटांनी अचानक तिचा हात पकडला. घट्ट, सोडवेना असा. गोदाबाईंना रडू आलं. “पाह्य, वळखलं तुले!”

अशा हाताच्या तळव्याला काहीही लागलं की बोटं आपोआप मिटतात. त्यात ओळख नसते, माया नसते. सासूला हे सांगावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. तिने म्हाताऱ्याचं मनगट वाकवून बोटं सैल केली, आपला हात सोडवून घेतला आणि तळहातात गुंडाळलेला रुमाल ठेवला.

“मंगळवारी परत आणा,” ती गोपालला म्हणाली, “आणि हा रुमाल रोज बदला.”

बाहेर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.