डाव्या बाजूचे चार बोल्ट

बसा. आणि मध्ये बोलू नका — मध्ये कुणी बोललं की मी थांबेन, आणि आज थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही. ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. चाळीस वर्षं संसार केला तिने माझ्याबरोबर. तिला एवढंच कळायचं की अमावास्या जवळ आली की नवरा भांडी आपटतो, उगाच अंगावर येतो. शेजारणींना सांगायची, तापट आहेत हो, पण मनाने चांगले. मनाने चांगले! काय सांगणार होतो तिला?

लोक मला मिस्त्री म्हणतात. परवाच एका लग्नात एकाने हाताला धरून पुढे ओढलं आणि चार लोकांना सांगितलं — हे दत्तू मिस्त्री, जीपला मागचे पाटे बसवावेत तर यांनीच. मी हसलो. अहो, हसलो मी! तिथेच स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यायला हवी होती. त्याऐवजी जिलबी खाल्ली आणि घरी आलो.

लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत मी वर्कशॉपला होतो. गोऱ्यांच्या हाताखाली गाड्या खोलायला शिकलो. मग लष्कर गेलं, त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि छावणीचं उल्हासनगर झालं. त्यांतल्या होतूमल नावाच्या गृहस्थाने अर्ध्या बराकीत गॅरेज टाकलं. तिकडे सिंधमध्ये त्यांचं मोठं गॅरेज होतं म्हणे, इकडे आले ते पान्यांची एक पिशवी घेऊन. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मी बुवापाड्याहून रोज पायी जायचो. वय असेल पंचविशीचं, आणि मस्ती पन्नाशीच्या हवालदाराची.

लष्कराने लिलावात काढलेल्या जीपा तेव्हा गल्लोगल्ली दिसायच्या. बदलापूरच्या पलीकडे जंगलात कोळशाच्या भट्ट्या होत्या. तिथल्या एका ठेकेदाराने अशी एक जीप घेतली. पण ती जीप माणसं वाहायला केलेली; मागे कोळशाची पोती रचली की बूड जमिनीला टेकायचं. त्याला मागे ट्रकचे जाड पाटे, म्हणजे स्प्रिंगा, हव्या होत्या. ट्रकचा पाटा लांब, तेव्हा त्याचं टोक धरायला चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, नवे कान करावे लागणार — जाड पत्र्याच्या दोन ब्रॅकेटी, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाडीचा मागचा सगळा भार या दोन कानांवर. ब्रॅकेटी मी करायच्या, भोकं मी पाडायची, आणि चासीला त्या पक्क्या करायच्या तापवून ठोकलेल्या रिव्हेटींनी — जाड लोखंडी खिळे, एकदा ठोकले की निघत नाहीत. एका ब्रॅकेटीला चार रिव्हेटी.

रिव्हेटी ठोकायला भिवा लोहार. ठेकेदाराने अटच घातली होती — भिवाच्या हातची रिव्हेट असेल तरच गाडी नेईन.

हा भिवा पालेगावचा. नांगराचे फाळ, विळे, कोयते करणारा माणूस, इंजिनाचं एक अक्षर ठाऊक नाही. पण लालबुंद रिव्हेट भोकात घालून असे चार घाव घालायचा की लोखंड लोखंडाला गिळून टाकायचं. मला त्याचा राग यायचा. का? मी गोऱ्यांकडे शिकलेला, आणि अट कुणाच्या नावाची, तर धोतरवाल्या लोहाराच्या! त्यातून तो फटकळ. माझं काम बघायचा आणि म्हणायचा, "दत्तू, तुझी जीभ सरळ चालते, कानस वाकडी." सगळे हसायचे. दादासुद्धा.

खोटं कशाला बोलू, प्रेमाने म्हणायचा तो. पण तेव्हा ते टोचायचं.

तर तो आला, खांद्यावर भाता, पाटीत कोळसे. उजवी ब्रॅकेट त्याने संध्याकाळपर्यंत ठोकून दिली. मग हात धुतले आणि म्हणाला, "उद्या आवस. आवसेला मी भट्टी पेटवत नाय. परवा येऊन डावी करतो." त्याच्या बापाने, आज्याने कधी अमावास्येला भट्टी पेटवली नव्हती. पालेगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण मी दादांना छातीवर हात मारून सांगितलं होतं की उद्या दुपारी गाडी चालू. ठेकेदाराचा ड्रायव्हर अंतू, शिरगावचा, तो उद्या न्यायला येणार होता. म्हणून मी घाई केली.

— बघा, इथेच मी पहिली लबाडी करतोय. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलो, की घाई होती. घाई कसली डोंबलाची? अंतू एक दिवस थांबला असता, आनंदाने थांबला असता.

खरी गोष्ट अशी. अमावास्येच्या सकाळी दादा सामान आणायला मुंबईला गेले होते. मी एकटाच डावी ब्रॅकेट लावून बघायला गाडीखाली गेलो, आणि दोन भोकं जुळेनात. उजव्या बाजूसाठी पत्र्याचा नमुना कापला होता, तोच मी चासीच्या डाव्या बाजूवर तसाच ठेवून भोकं पाडली होती. उलटा करायला विसरलो! उजव्या पायाचा जोडा डाव्या पायात घालावा, तसं. चार भोकांतली दोन अंगठ्याच्या निम्म्याने बाजूला. आणि दुसऱ्या दिवशी भिवा येऊन ते बघणार. सगळ्यांपुढे म्हणणार — नांगरालाही डावं-उजवं कळतं रे, तुला नाही?

त्या एका वाक्याला मी घाबरलो. त्याने अजून म्हटलेलंही नव्हतं ते! न बोललेल्या एका टोमण्याला घाबरलो हो मी.

नवी ब्रॅकेट करायला एक दिवस लागला असता. मी काय केलं? गॅसची ज्योत लावून चासीची भोकं जाळून लांब केली. कडा खरबरीत, लोखंड करपलेलं. त्या भगदाडांत चार बोल्ट घातले, वायसर लावून आवळले. मग कानशीने एकेका बोल्टचं डोकं गोल केलं, रिव्हेटीसारखं. वर काळा रंग. दोन तास घासत होतो. आयुष्यात इतकं मन लावून दुसरं काम केलं नाही.

दुपारी अंतू गाडी घेऊन गेला. संध्याकाळी दादांनी विचारलं, लोहार आला होता का? मी म्हणालो, आला होता, सकाळी लवकर ठोकून गेला. आणि दुसऱ्या दिवशी भिवा भाता घेऊन आला, तेव्हा दादा अजून यायचे होते. त्याला सांगितलं की गाडी घाईने नेली, डावी बाजू तात्पुरती बोल्टवर बसवली आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. "बोल्टावर कोळसा नको वाहूस म्हणावं," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, निरोप देतो. दिला नाही.

दहा-बारा दिवस गाडी चालली. मग जंगलातल्या उतारावर, पोती भरलेली असताना, डावी ब्रॅकेट चासीतून फाटून निघाली. मागचं चाक आडवं झालं, जीप नाल्यात. अंतू खाली सापडला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी ओढून आणायला दादांनी मलाच पाठवलं. अंतूला तोवर दवाखान्यात नेलं होतं. नाल्यात जीप कलंडलेली, कोळसा पसरलेला, आणि दगडावर त्याची एक चप्पल. ती चप्पल बघून माणूस काय करेल? मी पाना काढला. गाडीखाली शिरलो, लोंबणारी ब्रॅकेट आणि उरलेले बोल्ट काढले, फडक्यात गुंडाळले, आणि परतताना बदलापूरला उल्हास नदीच्या डोहात फेकून दिले. चप्पल तिथेच राहिली.

आता कुणी म्हणेल, घाबरला बिचारा, तरुण होता. खबरदार! पुढचं ऐका आधी.

गॅरेजात सगळे जमले. दादा, ठेकेदार, अंतूचा थोरला भाऊ. भिवाला बोलावून घेतलं. रिव्हेट सुटली, पाय गेला, सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो गोंधळला, मग म्हणाला, डाव्या बाजूला मी हातच लावला नाही. ती आवस होती. आवसेला मी भट्टी पेटवत नाही, साऱ्या गावाला विचारा. तुटलेला तुकडा दाखवा, डोकं बघून सांगतो कुणाचं काम ते.

तुकडा नव्हता. नाल्यात गेला असेल, मी म्हणालो.

दादा माझ्याकडे वळले. भला माणूस, घरदार सोडून आलेला, त्याला खरंच खरं काय ते हवं होतं. म्हणाले, "दत्तू, तू सच बोल बेटा. भिवा आया था के नहीं?"

भिवा माझ्याकडे बघत होता, अगदी निवांत. त्याला वाटत होतं, बोल्टांचं आता हा स्वतःच सांगेल आणि मिटेल. अहो, त्याची खात्री होती माझ्यावर!

आणि मी म्हणालो — आला होता. आठही रिव्हेटी त्याच्याच. अमावास्या होती म्हणून गुपचूप पहाटे आला, भट्टी पेटवली, आणि मला म्हणाला, गावात कुणाला सांगू नको.

जीभ झडली नाही माझी. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात ना, तसं रेटून बोललो, वर देवाची शपथही घेतली.

भिवा ओरडला नाही. मग माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मेल्या, हात गेला असता माझा तरी चाललं असतं." गेला निघून.

कळलं ना काय केलं मी? नुसतं काम कच्चं म्हटलं असतं तर तो दुसरं काम करून दाखवू शकला असता. मी त्याची अमावास्या मोडली. पालेगावात आठ दिवसांत पसरलं — वरून देवभक्त, आतून पैशासाठी आवस मोडतो, आणि म्हणूनच त्या पोराचा पाय गेला, देवाने दाखवलं. लोक फाळ दुसऱ्या गावाला न्यायला लागले. सख्ख्या भावाने पुतणीच्या लग्नाला बोलावलं नाही. आणि मला? पुढे दादांनी मला गॅरेजचा मोठा मिस्त्री केलं. तीच जीप मी नीट दुरुस्त केली, तिच्यावरूनच तर माझं नाव झालं. अंतूला मी लोखंडाची कुबडी करून दिली. त्याने माझे हात धरले आणि भिवाला शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या. चहाही पाजला त्याला.

मला त्या भिवाचा राग यायचा हो. अजून येतो! का नाही माझी गचांडी धरली? का नाही सगळ्यांपुढे दोन ठेवून दिल्या? — बघितलंत? चोर तो चोर, वर शिरजोर.

दोन-तीन महिन्यांनी काही कामाने पालेगावावरून जात होतो. भर दुपार. भिवाच्या पडवीतून धूर निघत होता, ऐरणीवर घाव पडत होते. रस्त्यावरच्या एका बाईने मला थांबवलं, बोट दाखवून म्हणाली, बघा, आज आवस, आणि मेल्याला आता लाजही उरली नाही, उघड पेटवतोय. मी आत बघितलं. भट्टी पेटलेली, पण तीत लोखंड नव्हतं. ऐरणीवरही काही नव्हतं. तो नुसता रिकाम्या ऐरणीवर घण घालत होता.

बाईला वाटलं, हा नेहमीच मोडत असेल. ती त्याच्या जन्मातली पहिली मोडलेली अमावास्या होती. हे त्या रस्त्यावर एकट्या मला ठाऊक होतं. मी बाईला म्हणालो, "हो ना." आणि चालायला लागलो.

भिवा गेला त्यालाही आता खूप वर्षं झाली. दादा गेले, अंतूही गेला. ऐकायला हवं होतं असं कुणी उरलं नाही, आणि मी आता बोलतोय — यातही माझा भित्रेपणाच आहे, मला कळतं. त्या दिवशी गॅरेजात फार बोलायचं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं:

दादा, भिवा आला नव्हता. डाव्या बाजूला त्याची एकही रिव्हेट नाही. चार बोल्ट होते. ते मी बसवले.