मावशींची ऑक्टोबर हीट

माझ्या बायकोच्या मावशींनी आजवर एकाही मोठ्या माणसाला ऑक्टोबरच्या पुढे मोठं राहू दिलेलं नाही. सप्टेंबर संपेपर्यंत त्या जगाला ज्याचं जेवढं कौतुक करायचं तेवढं करू देतात. मग बेसबॉलचे बाद फेरीचे सामने सुरू होतात आणि मॉन्ट्रियलच्या शेजारी, ब्रॉसार्डमधल्या आपल्या कॉन्डोत, मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन, मावशी सोफ्यावर न्यायदानाला बसतात. ज्यांना बेसबॉल कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (मलाही कळत नाही. गेली तेवीस वर्षं मी कळल्यासारखा चेहरा करून बसतो आहे.) यात चेंडू टाकतो तो पिचर. एप्रिलपासून सहा महिने जवळजवळ रोज सामना असतो, आणि या सहा महिन्यांत जो पिचर समोरच्याला चेंडू दिसूच देत नाही, त्याची पोस्टरं लागतात. खरी लढाई मात्र त्यानंतर, ऑक्टोबरात. हरला तो घरी. या लढाईला सगळी दुनिया पोस्टसीझन म्हणते. मावशी साताऱ्याच्या, म्हणून त्या तिला 'ऑक्टोबर हीट' म्हणतात. बाहेर आम्ही विंटर टायर कधी बसवायचे याची काळजी करत असतो, गाडीच्या काचेवर सकाळी बर्फाची साय धरलेली असते, आणि आत मावशी शांतपणे म्हणतात, "लागली बघा याला ऑक्टोबर हीट."

मावशींचा सिद्धांत असा, की पिचर जितका मोठा तितका तो ऑक्टोबरात लवकर मोडतो. याची लक्षणंही त्यांनी ठरवून ठेवली आहेत. पहिल्यांदा टोपी काढून घाम पुसला तर तो घाम. दुसऱ्यांदा काढली तर विचार. तिसऱ्यांदा काढली की समजावं, हा मनाने विमानतळावर पोचला आहे. मग मॅनेजर संथ चालत मैदानात येतो, पिचरच्या हातातून चेंडू काढून घेतो, आणि मावशी एक टाका उलटा घालतात. त्यांची एक वहीसुद्धा आहे. डाव्या पानावर एकेकाचे सहा महिन्यांचे पराक्रम, उजव्या पानावर ऑक्टोबर. डावी पानं शाईने गच्च भरलेली असतात आणि उजवीकडे बहुतेक ठिकाणी फक्त "गेला" एवढंच लिहिलेलं असतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, सहा महिने टाकून टाकून दमतो हो हात. त्यात थंडी असते."

"सहा महिने वाघ," त्या विणता विणता म्हणाल्या, "आणि सातव्या महिन्यात म्हणे हवा गार आहे. जावईबापू, वाघाला स्वेटर विणून देऊ का?"

माझी लेक विद्यापीठात हेच आकडेबिकडे शिकते. तिने आजीला सरळ करायचा विडा उचलला. "आजी, दॅट्स नॉट फेअर. दोन गेमवरून माणूस कसा जज करणार? इट्स अ टायनी सॅम्पल."

"अगं, लग्नही मी एकदाच केलं," मावशी म्हणाल्या. "सॅम्पल छोटंच होतं. निकाल लागायचा तो लागलाच ना?"

लेक तेव्हापासून हा विषय फक्त वडिलांशी बोलते, कारण वडिलांना हरवता येतं. आणि वडिलांनी कुठल्या तोंडाने पिचरांची बाजू घ्यावी? माझ्या स्वतःच्या लग्नात मी महिनाभर एक उखाणा पाठ करत होतो. आरशासमोर, बसमध्ये, भाजी निवडताना, कुठेही विचारा, अस्खलित. प्रत्यक्ष मांडवात समोर मावशी बसल्या होत्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. मी सुरुवात झोकात केली आणि शेवटी बायकोऐवजी मावशींचं नाव घेऊन मोकळा झालो. मावशींनी ते विनम्रपणे स्वीकारलं. मांडवात सगळ्यात जोरात काका हसले होते, म्हणजे मावशींचे यजमान. मागाहून त्यांनी माझ्या पाठीवर थोपटून, "घेऊन जा हो, माझी हरकत नाही," असंही सांगितलं.

हा बेसबॉलही मुळात काकांचाच. ते विमानाच्या इंजिनांचे इंजिनियर. पन्नास वर्षांपूर्वी मॉन्ट्रियलला आले तेव्हा नव्या नवरीला फिरायला म्हणून ते स्टेडियमवर घेऊन गेले. मावशींनी विणकाम नेलं होतं. सामने फ्रेंच रेडिओवर, मग फ्रेंच टीव्हीवर ऐकून ऐकून मावशींची फ्रेंच तयार झाली, आणि ती सगळीच्या सगळी बेसबॉलमधली आहे. नळ दुरुस्त करणारा माणूस तिसऱ्या खेपेलाही नळ गळका ठेवून निघाला, तेव्हा मावशींनी त्याला दारातच "रेतिरे" म्हणून जाहीर केलं. रेतिरे म्हणजे बाद; बेसबॉलमध्ये तीनदा हुकला की बाद. तो खो खो हसत परत आत आला आणि नळ नीट करून गेला. मी इथे सरकारी फ्रेंचच्या चार पायऱ्या चढलो आहे, प्रमाणपत्रं फ्रेम केली आहेत, पण माझ्या फ्रेंचवर अजून एकही नळ दुरुस्त झालेला नाही.

दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. जागा मिळाली ती नदीवरच्या पुलापलीकडे, मॉन्ट्रियल बेटावरच्या एका नर्सिंग होममध्ये. तेव्हापासून मावशी रोज अकरा वाजता थर्मासमध्ये वरणभात घेऊन आपल्या जुन्या गाडीने पूल ओलांडतात, काकांना भरवतात, कालच्या सामन्यात कोण कसा बुडाला ते सांगतात आणि चारच्या आत परत येतात. बर्फात, पावसात, पुलावरच्या कामांच्या गर्दीत, एकही दिवस खाडा नाही. कोणी "आम्ही नेऊ का" म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो. माझ्या ड्रायव्हिंगबद्दल त्यांचं मत मी इथे लिहीत नाही.

यंदा मावशींना ऐंशी वर्षं पूर्ण झाली आणि लायसनचे कागद आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फॉर्मवर कुठेतरी खूण केली आणि पत्र आलं, की रोड टेस्ट द्या, नाहीतर लायसन जमा करा. तारीख मिळाली ती, अर्थातच, ऑक्टोबरात, आणि जवळच्या केंद्रात जागा नव्हती म्हणून पुलापलीकडची. "चाळीस वर्षांत साधा ओरखडा नाही," मावशी म्हणाल्या. "कालची पोरं काय माझी परीक्षा घेणार?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी गेली तर काकांचं जेवण कुणाच्या हातचं, हे कोणी बोललं नाही.

आता इथली एक गंमत सांगायला हवी. लाल दिव्याला थांबून, रस्ता मोकळा बघून उजवीकडे वळायला आमच्या ब्रॉसार्डमध्ये परवानगी आहे. मॉन्ट्रियल बेटावर नाही. नवीन आलेला प्रत्येक विद्यार्थी, प्रत्येक पाहुणा मावशींकडून हा धडा चहाच्या आधी घेतो. मला तर पूल चढतानाच सांगतात, "जावईबापू, बेट आलं. आता लालला वळायचं नाही." टेस्टच्या सकाळीही सांगितलं, कारण गाडी तिथवर मी नेत होतो. मग त्या स्टिअरिंगमागे बसल्या, शेजारी एक परीक्षक मुलगी बसली. मावशींनी स्कार्फ नीट केला. आरसा बघितला. पुन्हा स्कार्फ नीट केला. मी घाईघाईने आत जाऊन भिंतीवरचे नियम वाचत बसलो, म्हणजे पुढचं मोजायला नको.

वीस मिनिटांनी मावशी एकट्याच आत आल्या. हातात कागद होता.

"लालला वळले," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"इथेच. बेटावर."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. अशा वेळी मला जे सुचतं ते उखाण्याच्या दर्जाचं असतं, म्हणून मी फक्त किल्ली घेतली. नर्सिंग होममध्ये त्यांनी काकांना नेहमीसारखंच भरवलं, फक्त कालच्या सामन्याचं काही सांगितलं नाही. काका डाव्या हाताने त्यांच्या स्कार्फचं टोक धरून बसले होते. परतताना मावशी पुलावर एकदाच बोलल्या. "चाळीस वर्षं एका बाजूला आणि वीस मिनिटं एका बाजूला. असं असतं होय?"

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच थांबलो. सामना लागला होता. मैदानात या मोसमातला सगळ्यात गाजलेला पिचर होता, ज्याला मावशी एप्रिलपासून 'नवकोट नारायण' म्हणत आल्या होत्या आणि ज्याच्या ऑक्टोबरची त्या बोटांवर दिवस मोजत वाट बघत होत्या. नारायणाने निराश केलं नाही. पहिल्या दोघांना फुकट सोडलं, तिसऱ्याने चेंडू प्रेक्षकांत मारला. टोपी निघाली. पुन्हा निघाली. मॅनेजर चालत आला. मी खुर्चीत सावरून बसलो, आता वर्षातला सर्वोत्तम टोमणा येणार म्हणून. मावशींच्या सुया थांबल्या होत्या.

"याला परत कधी देतात चेंडू?" त्यांनी विचारलं.

"त्याची टीम टिकली तर चार-पाच दिवसांनी."

"मला ती पोर म्हणाली, महिन्याने या." त्यांनी सुईने टीव्हीकडे बोट केलं. "टिकू दे मग यांची टीम."

कॅमेरा बाकावर गेला. नारायण खांद्यावर जॅकेट टाकून एका टोकाला बसला होता, आणि बाकीचे सगळे दुसऱ्या टोकाला.

"एवढी माणसं आहेत," मावशी म्हणाल्या, "त्याच्याजवळ जाऊन कोणी बसत का नाही?"

मी खुर्चीवरून उठून सोफ्यावर गेलो. मावशींनी लोकर बाजूला सरकवली.

"उद्या किती वाजता निघायचं?" मी विचारलं.

"अकराला," त्या म्हणाल्या. "थर्मास तुम्ही धरू नका, सांडाल."

"गाडी मीच चालवणार आहे, मावशी."

"हो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या. "तेच म्हणते मी."