शिरूर अनंतपाळची दुर्बीण आणि माझा डावा डोळा

दुर्बीण कोणती घ्यावी, असं या ब्लॉगवर ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी उत्तर दिलं. स्वतः मात्र घेतली नाही. आधी ऐंशी मिलिमीटर भिंगाची की शंभरची, मग साधी काच की ईडी काच, मग नुसतं बघायचं की फोटोही काढायचे, असा घोळ घालत बसलो. सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., म्हणायची, तुमचं हे पोरगी बघणं कधी संपायचं? तोवर उजव्या डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला आणि त्या डोळ्यात मधोमध एक डाग येऊन बसला तो कायमचाच. दिवाळीनंतर नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्यातही सुरुवात आहे, भरवसा देता येत नाही. दवाखान्यातून निघालो आणि रिक्षातच ठरवलं, आता बस्स झालं. डावा आहे तोवर शनी बघायचा, आणि चांगल्या काचेतून बघायचा.

घाईला आणखी एक कारण होतं. यंदा शनीची कडी आपल्याकडून अगदी आडवी दिसतात, नुसती रेघ. ती पुन्हा ऐसपैस उघडायला काही वर्षं जाणार, आणि तितकी वर्षं माझा डोळा थांबेल असं काही लक्षण नव्हतं. म्हटलं, रेघ तर रेघ.

दुर्बीण कुठं आहे हे मला ठाऊक होतं. मन्मथ माझा पॉलिटेक्निकचा दोस्त, गाव शिरूर अनंतपाळ. माझं निवडणं चालू असतानाच त्यानं एक दिवस चार इंची ईडी रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण, घेऊन टाकली. तो हार्ट अटॅकनं गेला, दुर्बीण वडिलांकडं राहिली. मी फोन केला तेव्हा ते, म्हणजे अप्पा, एवढंच म्हणाले, ये. पैशाचा विषयच काढू दिला नाही.

जानेवारीतली अमावास्या गाठून निघालो. नांदेडहून लातूरची एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते. रस्ता आता रुंद झालाय, तरी अर्धा दिवस धरून चाला. बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं सुनंदा सबंध प्रवासभर माझ्याकडं उपकार केल्यासारखी बघत होती. अहमदपूरला चहा घेतला. चहा कसला, गोड पाणी. लातूरच्या स्टँडबाहेर गाड्यावर फोडणीचा सुशीला खाल्ला, तो मात्र झकास होता. मुरमुऱ्याला काय चव आणतात लातूरचे लोक!

बस बदलायला वेळ होता म्हणून शाळेच्या प्रयोगशाळांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात शिरलो. तिथं साध्या काचेची लांब नळीची दुर्बीण होती. नवख्यांसाठी सांगतो, ही स्वस्त पडते आणि चंद्राला मस्त चालते, पण उजळ गोष्टीभोवती जांभळी झालर दिसते. ईडी काचेत ती जवळजवळ नसते, म्हणून फोटोवाले तिच्यामागं लागतात. आणि नळीपेक्षा ती बसवायच्या स्टँडवर जास्त खर्च करा. स्टँड डगमगला तर सोन्याची काचसुद्धा फुकट. दुकानदारानं नळी लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखून दिली. टाकीवरची अक्षरं मला काही लागेनात. स्वस्तातला माल, असं मी सुनंदाच्या कानात म्हणालो आणि निघालो.

शिरूर अनंतपाळला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. अप्पा रानातल्या घरी राहतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरी बंडी. आल्या आल्या त्यांनी हुरडा पुढं केला, सोबत शेंगदाण्याची चटणी. सुनंदाला म्हणाले, पोरी, लाजू नको, आपलंच घर हाय. मग आम्हाला देवघराच्या खोलीत नेलं.

दुर्बीण तिथं पाटावर उभी होती. अंगावर धुळीचा कण नाही. पण समोरच्या काचेवर, त्या ईडी काचेवर, भस्माचे तीन पट्टे ओढलेले. विचारलं तर अप्पा सहज म्हणाले, रोज पूजा झाली की लावतो, सकाळी उपरण्यानं पुसून नवं लावतो. मन्मथ गेला तेव्हापासून एक दिवस चुकला नाही.

मी म्हणालो, अप्पा, काचेवर कशाला?

"तेच तर कपाळ हाय तिचं. लेकराची वस्तू, रिकाम्या कपाळानं कशी ठेवू?"

भस्म म्हणजे राखच की, आणि राखेनं घरात भांडी घासतात. काचेवर कारखान्यातच चढवलेला नाजूक लेप इतके दिवस त्या राखेनं घासला जात होता. मी हवेच्या फुग्यानं भस्म उडवलं, काच पुसायचा द्रव लावून मऊ कापडानं काच हलक्या हातानं टिपली. उजेडात तिरकी धरली तर केसासारखे ओरखडे दिसत होते. मनातल्या मनात लाखोली वाहिली, पण कुणाला? त्या म्हाताऱ्याला वाहायची माझी छाती नव्हती.

दिवेलागणीला नळी अंगणात आणली. लातूरकडच्या बाजूला थोडा उजेड होता, बाकी आभाळ काळंभोर. नांदेडकरांनी हे एकदा बघावंच. नैर्ऋत्येला शनी होता. मी डावा डोळा लावला.

पिवळट, विरघळल्यासारखा गोळा. फोकसचं बटण इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. नेम धरला की मधलाच भाग पुसला जायचा, नजर बाजूला नेली की काहीतरी आहे एवढं कळायचं. रेघ नाहीच. वेगळी आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावली. तेच. माझा तोल गेला. "अप्पा, वाटोळं झालं काचेचं," मी म्हणालो, "राखेनं सगळी घासली गेली."

अप्पा ओट्यावर बसले आणि आपल्या उजव्या हाताची बोटं बघत राहिले. मला लगेच वाईट वाटलं, पण बोललो ते बोललो. आवराआवर करायला लागलो तर सुनंदा म्हणाली, एवढ्या लांब आलोय, मला तरी बघू द्या. मी बटण कसं फिरवायचं ते दाखवलं आणि बाजूला झालो.

ती बराच वेळ वाकून होती. मग म्हणाली, "अहो, मणी आहे. सुईत ओवलेला."

मी म्हणालो, काहीतरीच. कड कशी दिसते? जांभळं दिसतंय का, धुरकट आहे का?

"नाही हो. लख्ख आहे. आणि शेजारी एक बारका ठिपका आहे, सुईच्या रेघेतच, पण जरा लांब."

तो टायटन. शनीचा उपग्रह. सुनंदाला टायटन माहीत नाही, मी तिला कधी सांगितलेला नाही. तिच्या मनाचं असतं तर तिला तो दिसलाच नसता. मी पुन्हा डोळा लावला. तोच विरघळलेला गोळा. ठिपका नाही. म्हणजे ओरखड्यांनी काही बिघडलं नव्हतं. काच ठणठणीत होती.

सुनंदाला ते माझ्याआधी कळलं असावं. ती माझ्या दंडाला धरून उभी राहिली. मला बोंबलावंसं वाटत होतं, पण ओट्यावर अप्पा तसेच बसले होते, हात मांडीवर उघडे टाकून. त्यांना सांगणं भाग होतं. मी जाऊन शेजारी बसलो.

"अप्पा, काच चांगली आहे. तुमच्या हातानं काही झालं नाही."

"खरं सांगायलास का माझं मन राखायलास?"

"खरं. सुनंदाला स्वच्छ दिसलं."

त्यांचा चेहरा उजळला. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. मग म्हणाले, "मंग तुला का दिसंना?"

मी सांगितलं, डोळा गेला अप्पा. हाही गेला. त्यांचं हसू अर्ध्यावरच थांबलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. समजूत घातली नाही ते बरं केलं.

सकाळी ते दुर्बीण बांधून द्यायला निघाले. मी नको म्हणालो. काच झाकायचं टोपण तेवढं घट्ट बसवून दिलं आणि सांगितलं, अप्पा, आता भस्म ह्या टोपणावर लावा, आत काच जपली जाईल. त्यांनी लगेच लावलं. मला बसपर्यंत सोडायला आले.

नांदेडला आल्यावर डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, जे मला अंगणातच कळलं होतं. विचारणाऱ्यांसाठी उत्तर लिहून ठेवतो: ऐंशीची घ्या नाहीतर शंभरची, साधी घ्या नाहीतर ईडी. कुठलीही घ्या, पण डोळे शाबूत आहेत तोवर घ्या. एवढं सोपं उत्तर मी कधी कुणाला दिलं नव्हतं. आता हे लिहिताना कॉम्प्युटरच्या पडद्यावरची अक्षरं बोटाएवढी केली आहेत, तरी ओळ सुटते.

काल भाकरी थापता थापता सुनंदा म्हणाली, दुर्बीण आणायला हवी होती. कडी उघडली की मी बघत गेले असते आणि रोज तुम्हाला सांगितलं असतं, कशी दिसतात ते. चांगल्या मनानं म्हणाली. मी हं म्हणालो आणि ताटावरून उठलो. मला शनी ऐकायचा नव्हता.