चार वेळा एक
आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. पक्षाघाताच्या झटक्यातून हातपाय शाबूत राहिले, शब्द तेवढे रुसले. माणूस दिसला की ओळखायचे, हसायचे. पण नाव दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसं अडायचं. बायकोला नुसतं ‘अगं’ म्हणणंही जमेना. कधी एकच शब्द तोंडात बसायचा आणि तोच पुन्हा पुन्हा निघायचा.

म्हणून दर बुधवारी बोलायला शिकवणाऱ्या बाई लॅपटॉपवर भेटायच्या. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर त्यांचे ओठ नीट दिसत नसत. आणि आज नेमकं तासाच्या तोंडावर लॅपटॉपने हात वर केले. वायफायची खूण भरलेली, पण एक पान उघडेल तर शपथ!

“लॅपटॉपवर हे लिनक्स तुम्हीच घातलंत, तुम्हीच निस्तरा,” बायको म्हणाली आणि तिने जीभ चावली; शब्दांबरोबर त्यांचं टाइप करणंही गेलं होतं. मग शिवणाचं कापड बाजूला सारून तिनेच हुकूम टाइप करायची, टर्मिनलची काळी खिडकी उघडली. पिंग त्यांनीच तिला शिकवलं होतं : हाक मारायची, ओ येते का बघायचं. जिथून येत नाही, तिथे बिघाड.

तिने राउटरला हाक मारली. ओ आली. मग घराबाहेरच्या, पाठ असलेल्या एका आकडी पत्त्याला मारली. तिथूनही आली. मग बाईंच्या साइटचं नाव लिहिलं. उत्तर आलं, असं नाव सापडत नाही.

“अहो, हा तर तुमच्यावरच गेलाय! आकड्यांनी ओळखतो, नावं तेवढी आठवत नाहीत.”

ते हसले. मग पुढे वाकून म्हणाले, “एक... एक... एक... एक.”

तिला वाटलं, बसला पुन्हा शब्द! “असू दे हो. दमलात.”

त्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली. “एक.” बोट टिंबाच्या बटणावर. “एक.” पुन्हा टिंबावर.

तेव्हा तिची ट्यूब पेटली. हा पत्ता होता! नावावरून आकडे शोधून देणारा नेहमीचा डीएनएस सर्व्हर गप्प झाला होता, ते दुसऱ्याचा पत्ता सांगत होते. तिने सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात चार एक, मध्ये टिंबं, असं लिहिलं आणि वायफाय बंद करून चालू केलं. पान उघडलं.

“आज आकड्यांपासून सुरू करू या,” पडद्यावरून बाई म्हणाल्या. “म्हणा, एक.”

दोघं एवढी हसली की बाईंना काही कळेना.

“तो धडा झाला, बाई,” ती डोळे पुसत म्हणाली. “पुढचं घ्या.”

ते तिच्याकडे वळले. ओठ जुळवले. “अ...”

ती हलली नाही. ओ द्यायला ती बसलीच होती.