तिचा गुडघा शाबूत होता

हे तिला विचारूनच लिहितो आहे.

सौंसरच्या शाळेत मी खेळाचा मास्तर होतो. जवळच्या रामाकोना गावची एक मुलगी माझ्या कबड्डीच्या संघात होती. चढाईला गेली की एखादी तरी बाद करूनच परतायची. राज्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडला गेला आणि तिची झोप उडाली. मधल्या रेषेपाशी आली की हातपाय गार पडायचे, तोंडातून ‘कबड्डी’ फुटायचं नाही. एकदा म्हणाली, “सर, मले लय भेव लागून राहिलं.” मी तिला नखरे सोड म्हणालो आणि मैदानाला जास्तीच्या फेऱ्या मारायला लावल्या.

निघायच्या दिवशी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर ती गाडीत चढलीच नाही. बाकावर बसून नुसती थरथरत होती. तिला वडिलांच्या हवाली केलं. ते म्हणाले, डोक्याचं काही आहे असं कळलं तर हिला करून कोण घेईल? तेव्हा गुडघ्याचं मीच सुचवलं. खेळाडूचा गुडघा गेला तर कोणाला नवल वाटत नाही. पट्टीसुद्धा मीच बांधली, आणि स्पर्धेहून परतल्यावर शाळेत, बाजारात मीच सांगत फिरलो.

मी सांगून मोकळा झालो, निभवावं तिला लागलं. लग्नकार्यात ती लंगडायची. पंगतीत बाया तिच्यासाठी खुर्ची आणायच्या, कोणी तेल सुचवायचं. पुढे पांढुर्ण्याला दिली, तिथेही गुडघाच सांगितला. तिला झोप लागते का, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगीही कबड्डी खेळते. काही दिवसांपासून मैदानात जात नव्हती. नखं कुरतडत बसली होती. आईचा निदान गुडघा तरी गेला होता, माझं काहीच मोडलं नाही, म्हणजे मीच भेकड, असं तिने धरून ठेवलं होतं.

“मी सांगतलं तर तिले वाटते, आई समजूत काढून राहिली,” ती म्हणाली. “तुमीच सांगा जी सर. पट्टी तुमीच बांधली होती.”

मी मुलीकडे वळलो. “तुझ्या आईच्या गुडघ्याले काही झालं नव्हतं, बाई. तिले भेव लागलं होतं. तिनं मले सांगतलं, मी ऐकलं नाही.”

मुलगी आईकडे बघत राहिली. “मंग तू अजून लंगडते काहून?”

“सवय पडली व माय.”

मुलीला नागपूरला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. त्याआधी तिच्या सासरी बोलणं भाग होतं, आणि गुडघ्याचं खरं सांगितल्यावाचून ते होणार नव्हतं. ती पदर नीट करत उभी राहिली. मी बरोबर येतो, मीच सांगतो म्हणालो. चप्पल घालायला आता मला वेळ लागतो. दोघी फाटकापाशी थांबल्या.